मिस्ट्री शॉपिंगचं शेड्युलिंग: नाशिकमधल्या २४ व्हिजिट कशा बसवायच्या

महिन्याच्या २७ तारखेला रात्री साडेनऊला ‘उद्या कोणी सिन्नरला जाऊ शकेल का? बोनस मिळेल’ असा मेसेज शॉपरच्या ग्रुपवर पडला, की त्या महिन्याचं वेळापत्रक १ तारखेलाच चुकलं होतं असं समजावं. मिस्ट्री शॉपिंग म्हणजे साधा ग्राहक बनून दुकानातली सेवा गुपचूप तपासणं; तपासणारा तो शॉपर. त्यातलं शेड्युलिंग बाहेरून सोपं वाटतं. आउटलेटची यादी आहे, शॉपरची यादी आहे, जोड्या लावायच्या. प्रत्यक्षात या जोड्यांना रोटेशन (त्याच शॉपरला त्याच दुकानात लवकर परत न पाठवणं), वेळेचा स्लॉट, शॉपरचा प्रोफाइल, अंतर आणि सणवार अशा पाच ठिकाणी गाठी असतात. एक सैल केली की दुसरी आवळते.

हा लेख एजन्सीसाठी नाशिक पट्टा सांभाळणाऱ्या शेड्युलरसाठी आहे. आपल्याला व्हिजिट का मिळते किंवा का मिळत नाही, हे शॉपरलाही यातून कळेल.

समजुतीसाठी एक उदाहरण धरू. एका ब्रँडची १२ आउटलेट आहेत: ९ नाशिक शहरात आणि सिन्नर, पिंपळगाव बसवंत, मालेगाव इथे प्रत्येकी १. प्रत्येक आउटलेटला महिन्यात २ व्हिजिट, म्हणजे एकूण २४. एका शॉपरने त्याच आउटलेटला ९० दिवसांत परत जायचं नाही.

ब्रीफमधून काय काढून घ्यायचं

क्लायंटचं ब्रीफ, म्हणजे कामाचं सूचनापत्र, २०-२५ पानी असतं, पण त्यातला बराचसा भाग शॉपरने काय बघायचं याचा असतो. शेड्युलरने त्यातून एवढंच वेगळ्या कागदावर उतरवावं: आउटलेटचे कोड आणि पत्ते, व्हिजिटची संख्या, कोणत्या तारखांमध्ये, कोणत्या वेळेत, रोटेशन किती दिवसांचं, शॉपर कोण चालेल (वय, वाहन, खातेदार आहे की नाही), किमान खरेदी किती, परतावा कमाल किती, रिपोर्ट किती तासांत, आणि कोण अजिबात चालणार नाही. शेवटच्या यादीत त्या ब्रँडचे आजी-माजी कर्मचारी, त्यांचे नातेवाईक आणि प्रतिस्पर्धी ब्रँडमध्ये नोकरी करणारे जवळपास नेहमीच असतात.

तीन गोष्टी ब्रीफमध्ये बहुधा मोघम असतात. त्या पहिल्याच दिवशी क्लायंटकडून लेखी विचारून घ्याव्यात.

पहिली, स्लॉट कशावर मोजायचा: दारातून आत गेल्याच्या वेळेवर की बिलावरच्या वेळेवर? ‘दुपारी १२ ते ३’ असं लिहिलेलं असताना शॉपर २.५० ला आत गेला आणि बिल ३.१० चं निघालं, तर व्हिजिट बाद होऊ शकते. आत तो १५ मिनिटं रांगेत उभा होता, म्हणजे आउटलेटची सेवाच ढिली होती, हा मुद्दा नंतर कितीही मांडला तरी फारसा उपयोग होत नाही.

दुसरी, रोटेशन दिवसांत की महिन्यांत? ५ फेब्रुवारीच्या व्हिजिटनंतर ‘३ महिने’ ५ मे रोजी भरतात. ‘९० दिवस’ लीप नसलेल्या वर्षी ६ मे रोजी. एका दिवसाने चांगला रिपोर्ट बाद होतो. आणि हे दिवस व्हिजिटच्या तारखेपासून मोजायचे. व्हिजिट शॉपरला वाटून दिली त्या तारखेपासूनही नाही आणि रिपोर्ट मंजूर झाला त्या तारखेपासूनही नाही.

तिसरी, एकाच घरातले दोघं वेगळे शॉपर धरायचे का? नवरा-बायको दोघंही नोंदलेले असतात, आणि गेल्या महिन्यात त्याच काउंटरवर ते जोडीने गेलेले असतात. क्लायंटने काही सांगितलं नसेल तर एक पत्ता म्हणजे एक शॉपर असं धरणं सुरक्षित.

पत्ते: नाशिकचे खास घोटाळे

चुकीच्या आउटलेटला झालेली व्हिजिट हा सगळ्यात महागडा घोटाळा. पैसे जातात, वेळ जातो, आणि त्या शॉपरचं त्या दुसऱ्या आउटलेटचं रोटेशनही फुकट खर्ची पडतं. मुंबई-बंगळूरहून आलेल्या यादीत नाशिकच्या बाबतीत हे घोळ हमखास सापडतात:

‘नाशिक रोड’ हे रेल्वे स्टेशनकडचं उपनगर आहे, पिन ४२२१०१. यादी करणारा कधी कधी द्वारका चौकापासून पुढच्या नाशिक-पुणे रस्त्यावरचं काहीही ‘नाशिक रोड’ म्हणून टाकून देतो. ‘देवळाली’ दोन: देवळाली गाव नाशिक रोडला चिकटून, देवळाली कॅम्प त्याच्या पुढे, पिन ४२२४०१. ‘सिडको’ नाशिकमध्येही आहे आणि छत्रपती संभाजीनगरमध्येही. नुसत्या ‘सिडको’वर विसंबून व्हिजिट दिली तर शॉपर कॉल करून विचारेल, किंवा न विचारताच सोडून देईल. कॉलेज रोड आणि गंगापूर रोड जवळजवळ समांतर जातात आणि एकाच ब्रँडची दुकानं दोन्हीकडे असू शकतात.

म्हणून वाटप करण्याआधी प्रत्येक आउटलेटसमोर तीन रकाने भरावेत: पिन कोड, ठळक खूण (कोणत्या सिग्नलजवळ, मॉलमध्ये असेल तर कोणता मजला) आणि ‘आजही सुरू आहे का’. तिसऱ्यासाठी ग्राहक म्हणून एक फोन पुरतो: ‘आज किती वाजेपर्यंत चालू आहे?’ १२ फोनना अर्धा तास लागतो. हा अर्धा तास वाचवणारे पुढे दोन दिवस घालवतात.

किती शॉपर लागतात

महिन्याला २४ व्हिजिट. एकाच ब्रँडच्या ३ पेक्षा जास्त व्हिजिट एका शॉपरला महिन्यात देऊ नयेत. कर्मचारी एका शाखेतून दुसरीत बदलून जात असतात आणि चेहरा ओळखतात. म्हणजे २४ भागिले ३, किमान ८ शॉपर. आजारपण, लग्नसराई, परीक्षा हे धरून १२ ते १४ माणसं हाताशी असावीत.

इथपर्यंत सगळेच पोहोचतात. अडचण पुढे आहे. रोटेशन आउटलेटनिहाय चालतं. महिन्याला २ म्हणजे ३ महिन्यांत ६ व्हिजिट, म्हणजे प्रत्येक आउटलेटला ६ वेगळी माणसं लागणार. कॉलेज रोडला ६ माणसं चुटकीसरशी मिळतात. मालेगावला ६ कुठून आणणार? नाशिकहून जाऊन-येऊन २०० किलोमीटरच्या वर पडतं. तेव्हा ‘आपल्याकडे १४ शॉपर आहेत’ या आकड्याला अर्थ नाही. आपल्या सर्वांत लांबच्या आउटलेटला जाऊ शकणारे किती, हाच खरा आकडा.

मालेगावसाठी ६ अशी बसतात: २ मालेगावातले रहिवासी, १ मनमाडचा, १ धुळ्याचा (धुळे मालेगावहून नाशिकपेक्षा बरंच जवळ), आणि २ असे की ज्यांचं कामानिमित्त मुंबई-आग्रा महामार्गावर जाणं-येणं असतंच. वैद्यकीय प्रतिनिधी आणि विमा प्रतिनिधी यासाठी चांगले. मात्र ते त्याच ब्रँडच्या धंद्यातले नाहीत ना, हे विचारावं. ही माणसं महिना सुरू झाल्यावर शोधून मिळत नाहीत. आधीच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत नावं पक्की हवीत.

वाटपाचा क्रम

अवघड आधी, सोपं नंतर. माणसाची ओढ मात्र उलट असते. सोप्या व्हिजिट पटापट जातात, बोर्ड (शॉपरना दिसणारी व्हिजिटची यादी) हिरवा दिसतो आणि बरं वाटतं. महिनाअखेरीला मालेगाव, पिंपळगाव आणि रविवार संध्याकाळचा नाशिक रोड एवढंच उरतं, आणि ज्यांनी ते केलं असतं त्यांचा ३ व्हिजिटचा कोटा कॉलेज रोडवर संपलेला असतो.

क्रम असा ठेवावा. पहिल्यांदा शहराबाहेरच्या ६ व्हिजिट, थेट फोन करून. बोर्डवर टाकून वाट बघू नये. मग विशेष प्रोफाइलच्या, म्हणजे लहान मूल सोबत हवं, चारचाकी हवी, ६० वर्षांवरचा ग्राहक हवा अशा. मग नको असलेल्या वेळा: सोमवार सकाळ, रविवार रात्र. उरलेल्या सोप्या व्हिजिट सगळ्यात शेवटी बोर्डवर खुल्या कराव्यात, आणि त्याही सगळ्या एकदम नाही. अवघड घेणाऱ्याला सोपी आधी, हा उघड नियम असू द्यावा. ‘पिंपळगाव घेतलंत तर सिटी सेंटर मॉलची तुम्हाला ठेवतो’ असं स्पष्ट सांगितलेलं लोकांना आवडतं; गुपचूप केलेली मेहेरबानी मात्र ग्रुपमध्ये दुसऱ्या दिवशी कळतेच.

एकाच दिवशी जोडायच्या व्हिजिट रस्त्याप्रमाणे जोडाव्यात. ओझर, पिंपळगाव, चांदवड, मालेगाव हा एक धागा. नाशिक रोड आणि सिन्नर हा दुसरा. सातपूर आणि त्र्यंबक रोड तिसरा. नकाशावर गंगापूर रोड ते नाशिक रोड फार दूर दिसत नाही, पण संध्याकाळी ६ ते ८ मध्ये मुंबई नाका आणि द्वारका ओलांडायची असेल तर त्या वेळेत दोन व्हिजिट बसवू नयेत. दुसरी हमखास स्लॉटबाहेर जाते. सिटीलिंक बसने जाणाऱ्या शॉपरला दिवसात सगळे ब्रँड मिळून २ पुरेत. दुचाकीवाल्याला ४. त्यापेक्षा जास्त दिल्या की चौथ्या-पाचव्या रिपोर्टमध्ये पहिल्या दुकानातल्या सेल्समनचं वर्णन येऊ लागतं.

पेट्रोल पंपाच्या व्हिजिटला एक गंमत आहे: गाडीच्या टाकीत जागा लागते. दर वेळी २०० रुपयांचं पेट्रोल भरायचं असेल तर दुचाकीची टाकी दोन-तीन पंपांतच तुडुंब होते. एका दिवशी ५ पंप दिले, की शॉपर मध्येच फोन करून विचारतो, ‘आता कुठे ओतू?’

तारखा

शेवटच्या तारखेकडून मागे यावं. क्लायंटला ३० तारखेला सगळं हवं असेल, तर एडिटरला तपासायला २ दिवस, शॉपरला रिपोर्टसाठी १ दिवस, आणि बाद झालेल्या व्हिजिट पुन्हा करायला ४-५ दिवस सोडावे लागतात. उरते २२ तारीख. मूळ २४ व्हिजिट २२ पर्यंत व्हायलाच हव्यात. त्यातल्या १४ पहिल्या १२ दिवसांत झाल्या तर महिना हातात आहे. १२ तारखेला ८ च झाल्या असतील तर बोनस कुठे लावायचा हे त्याच दिवशी ठरवावं.

एकाच आउटलेटच्या दोन व्हिजिटमध्ये किमान १० दिवस असावेत. एक कामाच्या दिवशी, एक शनिवार-रविवारी. एक दुपारी, एक संध्याकाळी. सगळ्या व्हिजिट महिनाअखेरीला कोंबल्या की दुकानातल्या पोरांनाही ते समजतं. २५ तारखेनंतर कोणी एकट्याने येऊन जास्तच प्रश्न विचारले, की काउंटरवर खुणा सुरू होतात. त्यात दोन शॉपर ब्रीफमधलं वाक्य जसंच्या तसं बोलले, ‘यात अजून कोणते पर्याय उपलब्ध आहेत?’, तर संपलंच.

बँकेच्या व्हिजिट असतील तर दुसरा आणि चौथा शनिवार आधी खोडून टाकावा. सोन्याच्या पेढ्या आणि पैठणीची दुकानं दसरा, धनत्रयोदशी, पाडव्याला तुडुंब असतात. क्लायंटला गर्दीतली सेवाच तपासायची नसेल तर हे दिवस टाळावेत, नाहीतर गुण कमी पडतात आणि दुकानदार वाद घालतो.

नाशिकचे स्वतःचे दिवस वेगळे. इथे रंगांचा मोठा दिवस धूलिवंदनाचा नसून रंगपंचमीचा. जुन्या नाशकात पेशवेकालीन रहाडी (रंगाचे जमिनीतले हौद) उघडतात, त्या दिवशी मेन रोड आणि भद्रकालीत व्हिजिट देऊ नये. गणेश विसर्जनाची मिरवणूक वाकडी बारवेपासून निघते आणि तोच भाग अडतो. श्रावणातले सोमवार, त्यातही तिसरा, त्र्यंबक रस्त्यासाठी बाद. चैत्रात सप्तशृंगगडाच्या यात्रेला पायी जाणाऱ्यांची दिंडोरी रस्त्यावर रांग असते. वेळ दुप्पट धरावी. बुधवारच्या बाजारामुळे गोदाघाटाजवळ गाडी लावायला जागा मिळत नाही. आणि सिंहस्थ: ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, अमृतस्नानं २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ ला (त्र्यंबकेश्वरचं तिसरं १२ सप्टेंबरला) जाहीर झाली आहेत. या तारखांच्या आगेमागे पंचवटी, रविवार कारंजा, सीबीएस परिसरातल्या व्हिजिट दुसऱ्या आठवड्यात नेण्याची परवानगी क्लायंटकडून आत्ताच मागून ठेवावी. वार्षिक करार करणाऱ्या परगावच्या माणसाच्या हे डोक्यातही नसतं.

मेसेज कसा लिहावा

ग्रुपवर ‘ज्यांना हवं त्यांनी सांगा’ आणि खाली पाच अंगठे, याला वाटप म्हणत नाहीत. व्हिजिट एका माणसाला, त्याच्या नावाने, स्वतंत्र मेसेजवर जावी. असा:

‘नमस्कार ताई, आपल्यासाठी १ व्हिजिट ठेवली आहे. आउटलेट: कॉलेज रोड, कोड ०३ (गंगापूर रोडचं नाही). तारीख: मंगळवार ९, जमलं नाही तर गुरुवार ११. दुकानात प्रवेश दुपारी १२.१५ ते २.१५ मध्ये. किमान खरेदी १५० रुपये, परतावा कमाल २५०. बाहेर पडताच बिलाचा फोटो. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी २ पर्यंत. आज रात्री ९ पर्यंत ‘मान्य’ असं कळवा. नाहीतर व्हिजिट दुसऱ्यांना जाईल.’

यात दोन युक्त्या आहेत. क्लायंटचा स्लॉट १२ ते ३ चा असला तरी शॉपरला २.१५ पर्यंतचाच सांगितला, म्हणजे बिल ३ च्या आत निघतं. आणि पर्यायी तारीख आधीच दिली, म्हणजे ऐनवेळी अडचण आली तर शॉपर गप्प बसण्याऐवजी ११ तारखेला जातो. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा म्हणजे होकार नव्हे. ‘बघते’, ‘प्रयत्न करतो’ हेही नाही.

आठवण दोनदा: ४८ तास आधी फोन, आणि त्या दिवशी सकाळी मेसेज. ४८ तास आधी फोन उचलला नाही आणि संध्याकाळपर्यंत उत्तरही आलं नाही, तर राखीव शॉपरला उभं करावं. राखीव म्हणजे त्या आउटलेटचं रोटेशन मोकळं असलेला माणूस. ते नाव वाटपाच्या वेळीच शेजारच्या रकान्यात लिहिलेलं असावं. गळती झाल्यावर शोधत बसलं तर नेमकं कळतं की मोकळा दिसणारा प्रत्येक जण गेल्या ९० दिवसांत तिथे जाऊन आलेला आहे.

बोनस

फी ३५० रुपये धरली तर २४ व्हिजिटचे ८,४०० होतात. त्याच्या १५ टक्के, म्हणजे १,२६० रुपये, पहिल्या दिवशीच बाजूला काढावेत. हे पैसे कधी वापरायचे यावर मतभेद आहेत. बहुतेक जण शेवटच्या आठवड्यात वापरतात. आमच्या मते हीच मुख्य चूक. २५ तारखेनंतर दर वाढतो हे शॉपर दोन महिन्यांत शिकतात आणि ५ तारखेला कोणीच हात वर करत नाही. मालेगावला जादा पैसे द्यावे लागणारच असतील तर ते १ तारखेलाच जाहीर करावेत, आणि १० तारखेपर्यंत व्हिजिट झाली तरच मिळतील असं लिहावं. महिनाअखेरीसाठी फार तर तिसरा हिस्सा ठेवावा.

शॉपरला कशावर तोललं जातं

नोंदवहीत शॉपरच्या नावापुढे गुणांचा एकच आकडा ठेवू नये. रिपोर्टचा दर्जा आणि भरवसा वेगळे लिहावेत. उत्तम मराठी-इंग्रजी लिहिणारा पण तीनातली एक व्हिजिट सोडणारा माणूस अवघड आउटलेटला देऊ नये. साधं लिहिणारा पण कधीच न चुकणारा द्यावा, एडिटर भाषा सावरून घेतो. आधी कळवून रद्द केलेली व्हिजिट दोष धरू नये. न कळवता सोडलेली मात्र ठळक लिहावी. दोनदा झालं की तीन महिने फक्त राखीव यादीत.

शॉपरने करण्यासारखं थोडंच आहे. एजन्सी सारखंच सॉफ्टवेअर वापरत असल्या तरी प्रत्येकीकडे वेगळी नोंदणी करावी लागते. प्रोफाइलमध्ये घराचा आणि नोकरीच्या ठिकाणाचा, दोन्ही पिन कोड भरावेत; अंबडला नोकरी आणि मखमलाबादला घर असेल तर शहराचे दोन्ही अंग मिळतात. थर्मल कागदावरचं बिल उडतं, फोटो लगेच काढावा. पॅन आधीच द्यावं. कर कापून मानधन मिळणार असेल आणि पॅन नसेल तर कपात २० टक्क्यांनी होते. नोंदणीसाठी किंवा व्हिजिट मिळण्यासाठी पैसे मागणारा खरा नसतो. या व्यवसायाची १९९८ पासूनची संघटना एमएसपीएही हेच सांगते. टेलिग्रामवर ‘रेटिंग द्या, आधी डिपॉझिट भरा’ असं कोणी सांगितलं आणि पैसे गेले, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करावी.

महिना बंद करताना

शेवटचा रिपोर्ट मंजूर झाला की त्याच दिवशी तीन तारखा भराव्यात: व्हिजिट कधी झाली, त्या शॉपरसाठी ते आउटलेट पुन्हा कधी मोकळं होईल, आणि पैसे कधी जाणार. ‘कधी मोकळं’ हा रकाना आउटलेटप्रमाणे लावून बघावा. ज्या आउटलेटसमोर पुढच्या महिन्यासाठी मोकळी नावं ४ पेक्षा कमी दिसतील (२ जाणारे, २ राखीव), तिथे नवी भरती लागणार. त्या यादीत मालेगाव सर्वांत वर असतंच. त्याच्याखाली देवळाली कॅम्प दिसू लागला, तर तिथल्या शॉपरचा शोधही त्याच संध्याकाळी सुरू करावा.